हातचा

मालिकेचं युनिट आलं ते मे महिन्यात.
भुसावळचा मे. दुपारी बारानंतर
कावळासुद्धा मालगाडीखाली सावलीला बसतो.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलची त्यांनी दिल्ली केली,
भिंतीला पिस्ता रंग, त्रेचाळीस सालचं कॅलेंडर,
आणि लांब टेबलांशी आम्ही सोळा जणी.
रोज सातशे रुपये. खाकी साडी त्यांची, घाम आपला.

"लिहीत राहा," असिस्टंट म्हणाला.
काय लिहू?
"काहीही, ताई. आकडे. कॅमेरा वाचत नाही."

शेजारी अमळनेरच्या छबाबाईंनी
भिशीचा हिशेब मांडायला घेतला.
मी पाच-पाचचे गट लिहिले,
दोन गटांत बोटभर जागा सोडून,
एस्तेरमावशी सोडायला लावायची तशी.

एस्तेर अमोलिक. केळीच्या वखारीसमोर दोन खोल्या,
गणिताची शिकवणी, महिना पंधरा रुपये.
अपूर्णांक संपले की दार लोटून घ्यायची
आणि शिकवायची एक वेगळीच बेरीज:
आठ अधिक सात, पाच.
हातचा घ्यायचा नाही.
(घरी करून दाखवली, वडिलांनी कान पिळला.)
मग हातच्याचं काय होतं, मावशी?
जातो.
कुठे?
चष्मा पदराला पुसत म्हणायची, पुढची ओळ घे.

किल्ली म्हणून रेल्वेचं वेळापत्रक, नागपूर पॅसेंजरचं पान.
गाडी तीन तास लेट येवो,
छापलेली वेळ हलत नाही.
किल्ली अशीच हवी, म्हणायची. माणसं नव्हेत, किल्ली.

तर शूटिंगमध्ये असं होतं:
नायिका आकड्यांकडे बघते, बघतच राहते,
ताडकन उठते, खुर्ची पडते, अंबाडा सुटतो,
"सापडलं!"
आणि दारातून कॅप्टन धावत येतो.
खुर्ची मनासारखी पडेना. नऊ टेक झाले.

मावशी म्हणायची, उठायचं कुणी?
उठलं की ओळ चुकते.
मंगळवारचा कागद गुरुवारच्यासारखा दिसला
तर चिठ्ठी लिहायची, पुढच्या खोलीत द्यायची.
आणि पुढच्या खोलीत?
पुढच्या खोलीला पुढची खोली.
कॅप्टन होता की एक.
त्याला गालगुंड झाले होते.

लग्न केलं ते रेल्वेतल्या गार्डशी.
तो जाईपर्यंत समजत होता, बायको दिल्लीला टायपिंग करायची.
तिने दुरुस्त केलं नाही. सही दिली होती.

मला एकदाच बोलली, वीज गेली होती तेव्हा.
एक उत्तर चुकून माझ्या टेबलावर परत आलं, म्हणाली.
ब्रह्मदेशातली कुठलीशी छावणी,
तांदळाची पोती, चारशे बारा.
शत्रूचा तांदूळ मला पोत्यापर्यंत माहीत,
आणि त्याच महिन्यात कलकत्त्याला
लोक दारोदार भात नाही, पेज मागत होते.
तिथल्या पोत्यांची चिठ्ठी
आमच्याकडे कुणी सोडवायला दिली नाही.
मग वीज आली
आणि तिने मला काळ-काम-वेगाचं गणित घातलं.

एपिसोड लागला दिवाळीनंतर.
माझा हात चार सेकंद, नायिकेच्या कोपरामागे.
मुलाने मोबाइलवर थांबवून मोठा केला.
"आई, तू खरंच काही लिहिलंयस?"
हिशेब, म्हटलं.
छबाबाईंचा फोन आला, त्यांची भिशी दिसलीच नाही.

रात्री एकटीने पुन्हा लावून पाहिलं.
ते पान मला पाठ आहे असं वाटत होतं.
तिसऱ्या गटात घामाने एक आकडा पसरलाय,
एक की सात,
आता मलाही लागत नाही.