भिंत मांगे शे

लग्नाचे फोटो काढणारा मी, भडगावचा.
पूर ओसरून अकरावा दिवस, तेव्हा फोन आला :
कंपनी येतेय मदत घेऊन,
दोनशे कुटुंबं, दोनशे फोटो,
शिवाय एक सामूहिक. ड्रोन असल्यास उत्तम.
ड्रोन नव्हता. दुकानात अजून गिरणेचा गाळ होता
पोटरीपर्यंत, आणि त्या गाळात
बावीस वर्षांची लग्नं.
कॅमेरा तेवढा माळ्यावर होता.
हो म्हणालो.

पिंजारवाड्यात ट्रकच्या आधी
फ्लेक्स पोचला. वीस बाय दहा.
दोन पोरांनी बांधला तो हाजराबाईच्या घरापुढं,
कारण तिथंच काय ती मोकळी जागा.
जागा मोकळी कशी झाली
हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.
'संकटात आम्ही तुमच्यासोबत.'
खाली कंपनीचा सूर्य, गोल गालांचा.

माणसं वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू.
एक पोरगी तर बूट काढून चिखलात उतरली,
कुणा म्हातारीची पत्र्याची पेटी
छातीशी धरून बाहेर घेऊन आली.
म्हणाली, याचा फोटो नको.
नाही काढला.
तोच काढायला हवा होता बहुतेक.

एक बादली. पाच किलो तांदूळ, ज्वारीच्या गावाला.
आणि ब्लँकेट,
उन्हानं चिखलाला भेगा पडत होत्या तेव्हा.

हाजराबाईनं ब्लँकेटचं टोक
अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं,
वैद्यानं नाडी पाहावी तसं.
अर्ध्या तालुक्याच्या मुली
तिनं भरलेल्या गादीवर सासरी निजल्या आहेत.
मग हलकेच, देणाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं
मला म्हणाली,
'यामा कापूस नई शे, भाऊ.'

लोगो आत गेला, कुणीतरी ओरडलं. पुन्हा.
पुन्हा साहेबांनी ब्लँकेट परत घेतलं, पुन्हा दिलं.
आता तिचे डोळे मिटले. पुन्हा.
चौथ्या खेपेला दोघं सरावले,
दोघांच्याही तोंडावर तेच हसू आलं
जे मी बावीस वर्षं
नवरानवरीकडून वसूल करत आलोय.

दिवाळीनंतर ती दुकानात आली.
पंचनाम्याला फोटो पाहिजे होता,
पडलेल्या घराचा, डागडुजीच्या आधीचा.
आधीचा म्हणजे माझ्याचकडं असणार.
मी एकेक दाखवत गेलो. एकेचाळीस फोटो.
एकेचाळीस वेळा सूर्य.
भिंत कुठंय यात, मी विचारलं.
ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली,
'भिंत मांगे शे.'
चुकलं असेल त्याला समजावावं, तशी पुन्हा म्हणाली,
'त्या कपडाना मांगे.'

तो कपडा आता तिच्या घरावर आहे.
दोनशे कुटुंबांत वाटलेल्या सामानात
सगळ्यात टिकाऊ तोच निघाला, आणि तो वाटलेला नव्हता,
सोडून गेले होते.
छापील बाजू आत ठेवली, ऊन लागून रंग उडू नये म्हणून.
निजलं की वर तो गालांचा सूर्य,
आणि 'सोबत' या शब्दातलं 'सो'
मेढीच्या मागं गेलेलं.

माझं बिल अजून वर आहे.
वर म्हणजे कुठं, ते फोनवरच्या बाईलाही सांगता येईना.
नोंदणीचा अर्ज भरा म्हणाली,
गेल्या तीन वर्षांची उलाढाल लिहा.
उलाढाल.
ती गाळात, बाई.

सदतिसाव्या फोटोत, डाव्या कडेला,
फ्लेक्सची दोरी सैल पडली होती तिथं,
वीतभर काहीतरी दिसत होतं.
मी तेच वाढवलं, वाढवत गेलो,
दाणे फुटेपर्यंत.
आठ बाय दहाचा प्रिंट काढला. पैसे घेतले नाहीत,
म्हणजे तिनं पुढं केले होते, मी घेतले नाहीत.

तलाठ्यानं तो उभा धरला, आडवा धरला.
म्हणाला, हे तर नुसतं ढेकूळ आहे.

ढेकूळच होतं.
त्यात अजून एक खुंटी होती,
आणि खुंटीला पिंजणाची तुटकी तात.