आधी नट

कव्हेंट्रीत फेब्रुवारी. गॅरेजच्या पत्र्यावर
गारठा ठाण मांडून बसलाय.
जॅकवर स्पिटफायर, सदुसष्टची, चारी चाकं काढलेली,
पोटाखाली पुठ्ठ्यावर मी उताणी,
दातांत टॉर्च.

जुना ब्रेक पाइप सुटता सुटेना.
तीन रात्री तेल पाजलं, 
मिरजेच्या मामाच्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या,
तेव्हा कुठे नट हलला
आणि पाइप हातात आला तो
चहात बुडालेल्या बिस्किटासारखा.
एवढ्याच्या भरवशावर कुणीतरी घाट उतरत होतं.

दारात शेजारचे ऑल्सॉप, खुर्ची स्वतःची आणलेली.
ऐंशी पार. कॅनलीच्या कारखान्यात अकरा वर्षं
हेच काम. दिवसाला किती पाइप, विचारलं तर म्हणाले,
मोजायला दुसरा माणूस होता.
तो गंजका तुकडा फिरवून पाहिला त्यांनी :
"हा माझा नव्हे. मागच्या ॲक्सलपाशी
मी बाक जरा आवळून द्यायचो.
सिरिलचा असेल. त्याला कायम घरी जायची घाई."

नवा पाइप तांबं-निकेलचा. मांडीवर दाबून सरळ केला,
बाटलीभोवती वाकवला,
दोन्ही तोंडं दुहेरी दुमडून घडवली,
मनासारखी, पहिल्याच फटक्यात.
नट बाकावर तसाच.
गाठ मारून झाल्यावर मणी ओवायला निघालेली मी.
"बघत होतात ना? सांगायचं!"
"सांगितलं असतं तर उद्या पुन्हा विसरली असतीस."

संध्याकाळी हवा काढायला दुसरा पाय हवा होता.
ऑल्सॉप आत बसले, गुडघे एकेक करून,
घरातल्या सपाता पायात.
"पहिल्यांदाच," म्हणाले. "आम्ही नुसत्या पुढे ढकलायचो."

दाबा.
धरा.
सोडा.
बरणीत बुडबुडे, आधी घोळक्याने,
मग दोन, मग बराच वेळ एकच, हट्टी.
मग नुसतं तेल.

पुरे, म्हटलं. पाय हलेना त्यांचा.
"कडक आहे," म्हणाले, "छान कडक आहे."
स्टिअरिंगवर दोन्ही हात. समोर विटांची भिंत,
रंगाचे डबे, मुलाची लहानपणची सायकल,
आणि नजर अशी, की पुढे मोठा उतार आहे.

मी पुन्हा खाली शिरले.
एकेका जोडाला टिश्यू लावून पाहिला.
कोरडा. कोरडा. तिसरा
किंचित ओला.
स्पॅनर द्या, म्हटलं.
त्यांना ऐकू गेलं नाही.