सरकीचं पोतं

भटू मिस्त्रीने आधी माझं वजन विचारलं.
बासष्ट, मी म्हटलं, दोनेक किलो चोरून.
त्याने सरकीचं पोतं काट्यावर ठेवलं,
ओंजळीने काढलं, ओंजळीने टाकलं,
एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि चौसष्टवर थांबला.
मग पोतं माझ्या सीटवर बसवलं. पट्टाही लावला.

पारोळा रोड, दुपारचे दोन, धुळ्याचा मे.
पाना उचलायचा तर फडक्यात धरून.
माझी लाल झेन
पोत्याच्या अंगाला किंचित कलून उभी,
मी बसल्यावर उभी राहते तशीच असणार.
बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं.

दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली,
पुढच्या चाकांची चोच बाहेर वळवली केसभर.
मग ओळंबा काढला, गवंडी सासऱ्याचा.
ज्याने भिंती सरळ उभ्या राहिल्या
त्यानेच तो चाक तिरपं करत बसला:
वरून आत, दोन अंश, नाही, थोडं कमी,
कानशीने स्ट्रटचं भोक लांबट करत,
लोखंडाची पूड मिशीत.
"वळनं शे ना? मंग वाकनं पडी."

गेल्या वर्षी जिनिंगच्या पटांगणात
मी स्टिअरिंग पिळत राहिले
आणि नाक सरळच जात राहिलं,
हट्टी बैलासारखं, गव्हाणीकडे.
तीन कोन उडाले.
चौथा गाडीखाली फरफटत घरी आला.

आता टायरच्या खांद्यावर बुटांची सफेदी फासली.
एक फेरी. सफेदी खुणेच्या खालपर्यंत गायब,
म्हणजे टायर कुशीवर झोपत होता.
तीन पौंड हवा. पुन्हा फेरी.
अजून एक पौंड.
सफेदी खुणेशी येऊन थांबली.
मागच्यांत मात्र त्याहून जास्त, टणक,
"मांगलं ढुंगन सुटाले पाहिजे,"
म्हणाला, आणि लाजून पान्याकडे बघू लागला.

रविवारी, दुसऱ्या फेरीत, डबल वळणावर
पाय अर्धा उचलला
आणि मागून गाडी फिरली,
माझ्याआधी, मला न विचारता,
आतलं मागचं चाक जमीन सोडून.
भिंतीवर बसलेली पोरं ओरडली.
भटू चहा पीत होता.
"कुत्रानागत टांग वर करस. बराबर शे."

सत्तेचाळीस पूर्णांक दोन.
चौथी आले. बक्षिसं तिघांनाच होती.

परतताना हायवेचा एकेक सांधा
मणक्यात मोजला.
हात सोडला की गाडी डावीकडे निघायची,
तिकडे काही नव्हतं, केळीचा एक ट्रक सोडून.
पप्पा शेजारी बसले आणि चौकातच उतरले,
चालत येतो म्हणाले.

सोमवारी सकाळी भटू पोतं न्यायला आला.
म्हशीचं होतं ते. ती दोन दिवस
नुसत्या कडब्यावर होती.
सीटच्या फटीतली सरकी वेचून दिली त्याला,
रुई चिकटलेली, मूठभर.
त्याने ती पोत्यात टाकली,
पोतं उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं,
आणि खिशातून गेज काढून
न बोलता हवा तपासायला बसला.