तिसरा रकाना

अप्पा बळवंत चौकात, फुटपाथवरच्या ढिगातून
चाळीस रुपयांना मिळालं ते पुस्तक.
कव्हर गेलेलं. आधीच्या मालकानं
पेन्सिलीनं खुणा केल्यात पान बावीसपर्यंत,
पुढे सगळं कोरं.
त्याचं इंग्रजी तिथं थांबलं असेल
किंवा त्याला नोकरी लागली असेल.

मी आयसीयूत मावशी. नाइट ड्यूटी.
पुसणं, कूस पालटणं, भांडं देणं, भांडं घेणं.
तीन ते चार या वेळात नुसती मशिनं बोलतात,
तेव्हा औषध कंपनीच्या फुकट डायरीत
मी दोन रकाने आखते :
ते काय म्हणतात, आणि त्याचं काय होतं.

पीस ऑफ केक : डाव्या हाताचा मळ.
केक त्यांच्या वाट्याला, मळ आमच्या. असो.
वन्स इन अ ब्लू मून : कपिलाषष्ठीचा योग.
बघा, दोघांनी वरच पाहिलंय.
कोल्ड फीट : ऐनवेळी कच खाणं.

इथं माझं पेन अडलं.
अकरा वर्षं मी चादरीखाली हात घालून
लोकांचे पाय चाचपतेय.
गार लागले की सिस्टरला उठवायचं,
एवढाच अर्थ मला ठाऊक.
कच खाल्लेला माणूस निदान
स्वतःच्या पायांनी परत जातो.

रविवारी सात नंबरला कोंडिबा मरगळे आले,
तोरण्याच्या मागच्या अंगाचे. घोणस चावलेली.
डॉक्टर मिस्त्री सिस्टरला म्हणाले, टच अँड गो.
मला वाटलं, सांगताहेत : हात लावा आणि जा.
गेले मी. न सुजलेल्या पायाचा अंगठा
मुठीत धरला. गार नव्हता.
सोडला, निघाले.

पहाटे पान एकोणचाळीसवर सापडलं :
घडीत इकडं, घडीत तिकडं. तळ्यात-मळ्यात.
स्वतःशीच हसले.
पण तोवर हाताला सवय लागली होती.
पुढच्या तिन्ही रात्री हात लावला आणि गेले.

गुरुवारी सकाळी राउंडला
डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले,
ही इज आउट ऑफ द वूड्स.
हे मला येत होतं! पान बेचाळीस!
डॉक्टरांच्या आधी जिन्यात पोचले मी.
ठकूबाई तिथंच पायरीवर, चार दिवसांचं लुगडं,
पिशवीत कडक झालेली नाचणीची भाकरी.
काय म्हनला डागदर?

आणि काय सांगू, अर्थ सांगायचा सोडून
फुशारकीत मी शब्दच ओतले :
म्हणाले, मामा रानातून बाहेर आले.

तिचा हात पिशवीवरून घसरला.
बाहीर? कुटं बाहीर?
आमचं समदं रानातच हाय, बाय.
गुरं रानात, खोपाट रानात,
दोन पोरं पुरली ती बी रानात.
त्यातनं बाहीर काडला, म्हंजी...
पुढचं तिच्यानं बोलवेना.

वाचले! वाचले हो! मी ओरडले,
तेव्हा लिफ्टमन दचकला.
ती खाली बसली, पदरात तोंड घालून रडली बराच वेळ.
मग डोळे पुसून म्हणाली,
त्येला सरळ बोलाया येत न्हाई व्हय?

जिन्सी सिस्टर केरळची.
तिचं मराठी आमच्याच वॉर्डात शिकलेलं.
मी सगळं सांगितलं, तर इंजेक्शन भरता भरता म्हणाली,
मीनिंग बरोबर, मावशी. माणूस चुकला.

त्या रात्री डायरीत पट्टीनं तिसरी रेघ मारली.
जागा कमी पडली, अक्षर बारीक काढावं लागतं.
शब्द. अर्थ. आणि : कुणाला.
बाकीच्यांसमोर अजून फारसं काही भरलेलं नाही.
एकाच्या समोर तेवढं आहे :
वेल्ह्याकडच्या माणसाला म्हणू नये.

कोंडिबा शनिवारी गेले, काठी टेकत.
ठकूबाईनं माझ्या मनगटाला हात लावला,
करवंदाच्या दिवसांत ये म्हणाली,
आणि गेली.