नाक सरावतं

कुपवाडच्या शीतगृहात बेदाणा झोपतो
चार अंश थंडीत, पेटीवर पेटी,
पेट्यांवर सावळजची, मणेराजुरीची नावं,
आणि भिंतीपलीकडे मशीनच्या खोलीत आम्ही दोघं जागे :
भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, वय अठ्ठावन्न,
आणि मी, शिकलगारांची रुबिना,
आयटीआय झालेली, नखांत अजून ग्रीस न मुरलेली.

पहिल्या रात्री अण्णा म्हणाले,
"अमोनिया लपत न्हाई बघ पोरी.
ह्यो चोर पायात चाळ बांधून येतो.
नाक हाय तवर भ्या न्हाई."
माणूस नाकासमोर चालणारा.
एकोणतीस वर्षं ह्याच दारातून आत, ह्याच दारातून बाहेर,
जाता-येता दोन नंबरच्या कॉम्प्रेसरवर थाप,
गोठ्यात शिरताना म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

छताजवळ एक पांढरी डबी होती.
हा वायू हलका, वर चढतो, म्हणून ती वर.
तिच्यावर बेदाण्याच्या पेटीतली निळी पिशवी,
सुतळीनं आवळलेली.
"लै बोंबलायची," अण्णा म्हणाले,
"बिरनाळेसाहेबांची झोपमोड व्हायची."
डबीखाली चिठ्ठी, शेवटच्या तपासणीची तारीख.
त्या तारखेला मी अकरावीत होते.

पहिला आठवडा डोळे चुरचुरले,
घरी अम्मी विचारायची, कुणी काही बोललं का तुला.
दुसऱ्या आठवड्यात कमी.
तिसऱ्यात काहीच नाही.
मला वाटलं, गळती थांबली.

मग एका रात्री चहा घेऊन
रखवालदार तम्मण्णा आला आणि उंबऱ्यातच थबकला.
कप खाली ठेवले, टॉवेल नाकाला लावला.
"तुमी हितं बसताय तरी कसं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
आम्हाला कसलाच वास नव्हता.

शिडी लावली. सुतळी सुटेना, दातानं तोडली.
पिशवी निघाल्यावर डबी थोडा वेळ गप्प,
फार दिवस तोंड बांधलेल्याला
पहिला शब्द सुचू नये तशी.
मग लाल दिवा. मग तो आवाज.
पत्र्यावरची कबुतरं अंधारातच उडाली.
अण्णा वर बघत राहिले.
"खोटं बोलतीया," म्हणाले,
पण हळू.

आधी बाहेर. दाराबाहेरचं बटण, मोठा पंखा.
गेटवरचं निशाण कुठं फडफडतंय, तम्मण्णाला विचारलं.
"मिरजेकडं."
मग मास्क, माझा आणि अण्णांचा;
त्यांच्या मास्कचा पट्टा कोरा होता, करकरीत.
शाळेत असतो तो लाल लिटमस ओला करून
एकेका जोडाजवळ धरत गेले. लाल. लाल.
दोन नंबरच्या शाफ्टपाशी,
रोजची थाप पडते तिथून वीतभर खाली,
कागद निळा झाला.
शाईसारखा नाही. भल्या पहाटे आभाळ होतं, तेवढाच.

अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला, डोळ्यांपाशी नेला.
मग व्हॉल्व्ह बंद केले, आधी कुठला, नंतर कुठला,
न बघता, न चुकता.
हातांना सगळं आठवत होतं.

सकाळी परतताना मार्केट यार्डात
ट्रकमधून हळद उतरत होती.
हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या.
मी म्हटलं, "अण्णा, वास बघा की काय सुटलाय."
ते थांबले. छाती भरून श्वास घेतला,
परत घेतला.
"कसला?"

आता पाळीला चढताना दार तम्मण्णा उघडतो.
आम्ही बाहेर उभे. तो एकदा हुंगतो, मान हलवतो,
मग मी डबीचा हिरवा दिवा बघते,
वहीत वेळ लिहिते, मग आत.
नवीन चिठ्ठीवर नवीन तारीख आहे.
बिरनाळेसाहेब दुसऱ्या खोलीत झोपतात.

निळी पिशवी अण्णा घरी घेऊन गेले.
कशाला, म्हणून विचारलं,
तर घडी घालत म्हणाले,
"ऱ्हाऊ दे."