रोजकाम

निवृत्तीच्या चौथ्या वर्षी मला पुन्हा कोर्टात बोलावलं.
कोर्ट म्हणजे दांडिया बाजारातल्या शाळेचा हॉल,
पंखे बंद, कारण त्यांची घरघर संवाद खाते.
नचिकेत घोरपडे म्हणाला, मावशी, तुम्हाला वाक्य नाही,
दुसऱ्या अंकात टायपिस्ट आहे,
नुसती बोटं हलवायची.
एकतीस वर्षं मग मी काय केलं, असं विचारलं नाही.
मशीन घरचंच नेलं, रिक्षात मांडीवर धरून,
आजारी मांजर नेतात तसं.

नाटक बावन्न वर्षांपूर्वीचं.
एका बाईवर मृत्युपत्र जाळल्याचा आरोप.
संहितेची एकच प्रत उरलेली, सायक्लोस्टाइल,
कडेनं वाळवीनं नक्षी काढलेली,
आणि पान एकसष्ट नाही.
साठ संपतं: *सरकारी वकील (पुढे येत).*
बासष्ट सुरू होतं: *(न्यायालयात खळबळ.)*
मधे ती बाई काय बोलली
ते वाळवीला ठाऊक.

म्हणून कारेलीबागेत गेलो, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
इंदुमती राजेशिर्के, वय चौऱ्याऐंशी,
तेव्हाची आरोपी.
लीलो चेवडो पुढे ठेवला, चष्मा काढला
आणि सरकारी वकिलाच्या आवाजात सुरू झाल्या:
त्या रात्री कंदील कोणी लावला?
दाराला आतून कडी का होती?
तुम्ही वाचून जाळलंत, की न वाचता?
वकिलाचा खोकलासुद्धा जागच्या जागी.
आणि बाई, तुमची उत्तरं?
त्या बराच वेळ वाटीतला बेदाणा शोधत राहिल्या.
"ती मला कशी ठाऊक असणार?
मी तर बोलत होते."

नचिकेतनं तीनदा नवीन पान लिहिलं.
तिन्ही वेळा छान.
चहाच्या लारीवर वकिलानं पढवून आणलेला साक्षीदार
असंच छान बोलतो, कुठंही न अडता.
तसली हजारो पानं मी कार्बन घालून काढलीत.
खरं सांगणारी माणसं आधी पाणी मागतात.
एवढंच म्हणाले मी. बाकी त्याचं त्यानं ठरवलं.

प्रयोगाला दीडशे माणसं, त्यातली निम्मी वळखीची.
पिंजरा जुन्या फर्निचरवाल्याकडून भाड्यानं,
उजवीकडचा कठडा कुणाकुणाच्या हातांनी गुळगुळीत.
जान्हवी सुर्वे आत उभी.
घरी गुजराती बोलून तिचा 'च' जरा चपटा झालाय,
तालमीत त्यावरून हसायचे.
आज 'च' उच्चारायचाच नव्हता.

कंदील कोणी लावला?
तिनं कठड्यावर हात ठेवला.
कडी का होती?
मागं कुणाची तरी बांगडी वाजली.
वाचून जाळलंत,
की न वाचता?

खऱ्या कोर्टात अशा वेळी साहेब माझ्याकडं न बघता सांगायचे,
लखो प्रमिलाबेन, जवाब नथी.
आणि मी लिहायची. दोन शब्द, पुढचा प्रश्न.
किती बायकांचं किती काय काय
त्या दोन शब्दांत कोंबून फाइल बांधली असेल,
मोजलं नाही. मोजायचा पगार नव्हता.
इथले न्यायाधीश मुळात बँकेतले,
ते पुढचं वाक्य आठवण्यात गुंतलेले.
मला कोणीच काही सांगेना.
मी रूळ फिरवला, एक ओळ कोरी सोडली,
मग आणखी एक.
दुसऱ्या रांगेत इंदुमतीबाईंचे ओठ हलत होते,
मला मंचावरून स्पष्ट दिसत होते,
ऐकू येत नव्हते.
तिसरी ओळ.

त्यानंतर पान बासष्ट: न्यायालयात खळबळ.
ती कोणाला करावी लागली नाही.

रात्री रिक्षावाल्यानं विचारलं, मासी, आमां शुं छे?
मशीन म्हटलं, जुनं.
रावपुऱ्याच्या प्रत्येक खड्ड्याला मांडीवर घंटी वाजायची,
ओळ संपली की वाजते ती.
एकही ओळ संपलेली नव्हती.