अवघडपणा : मध्यम

परवानगीच्या कागदावर सहाव्या ओळीत लिहिलंय:
अवघडपणा मध्यम. अंतर बारा किलोमीटर.
वेळ पाच तास, थांबे धरून.
मी मोठ्याने वाचते.
बाबांची सुरी चीजमध्येच थांबते.
"मध्यम म्हणजे कुणासाठी?"

ग्राझालेमाच्या या डोंगरात
ते अकराव्या वर्षी चुन्याच्या भट्टीवर लागले.
पुढे खेचर, मागे ते,
खेचराच्या दोन्ही अंगांना पोती,
आणि संध्याकाळी दोघांचाही रंग एकच.
तेव्हा या वाटेला श्रेणी नव्हती.
मजुरी होती.

आता वाट राखीव आहे.
पिन्सापोची झाडं, थंडीच्या कुठल्याशा जुन्या युगातून
मागे राहून गेलेली,
त्यांच्यापाशी दिवसाला मोजकीच माणसं सोडतात.
जूनपासून वणव्याच्या भीतीने तीही नाहीत,
म्हणून मी मार्चातच अर्ज भरला.
कासिल्दा, एकोणपन्नास. एउलोखिओ, एक्क्याऐंशी.
कार्यालयातली फुएन्सांता त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली,
"आजोबा, गुडघा कसा आहे?"
"अर्ज माझा आहे," बाबा म्हणाले,
"गुडघ्याचा नाही."

टेबलावर नकाशा पसरलाय,
ऑलिव्हच्या तेलाचा डाग नेमका खिंडीवर.
चढ सगळा सुरुवातीलाच, मी समजावते,
पहिल्या तासात दम लागेल तेवढाच.
मग सावलीतून उतार, थेट बेनामाओमापर्यंत.
चार वाजता बासिलिओ गाडी घेऊन येईल.
"चढाला कोण भितो," ते म्हणतात,
"माणसाला उतार खातो."

नकाशा ते वाचत नाहीत.
त्यांचं बोट कडेवरून आत येतं,
रेषा तुडवत, कुठलीही पायवाट न धरता,
आणि एका हिरव्या, रिकाम्या जागी टेकतं.
इथे भट्टी.
इथे बर्फाची विहीर, आत उतरायला मला पाठवायचे,
मी सगळ्यात लहान.
आणि इथे ला मोरा बसली, सत्तावन्न साली,
ती उठलीच नाही.
नकाशात तिथे कॅमेऱ्याचं चिन्ह आहे:
प्रेक्षणीय स्थळ.

वारा पूर्वेचा असेल तर खिंडीत धुकं.
नसेल तर गिधाडं, डोक्याच्या इतकी जवळ
की पिसांतून हवा चिरल्याचं ऐकू येतं.
पाव, डुकराचं सुकं मांस, संत्री,
काठ्या दोन (एक त्यांना दिसणार नाही अशी),
गुडघ्याचा पट्टा, शिट्टी.
पाणी तीन लिटर.

इथे आमचा खटका उडतो.
"वर झरा आहे."
होता, बाबा. चुनखडीत झरे राहतात थोडेच?
इतका पाऊस पडतो या डोंगरावर
की गावातल्या बायका ओले कपडे खुर्च्यांवर वाळवतात,
आणि दुसऱ्या दिवशी वर जावं
तर दगड कोरडे ठणठणीत.
सगळं पोटात ठेवतो हा
आणि खाली बेनामाओमात, कुणाच्या तरी दारात,
भळाभळा बोलून मोकळा होतो.
बाबा माझ्याकडे बघतात.
मी संत्री मोजायला लागते.

रात्री ते पिशवीतली तिसरी बाटली काढून ठेवतात.
मी परत भरते.
दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा लागतो,
बाटली पुन्हा ओट्यावर.
मी पुन्हा.

साडेपाचला उठते तर बाटली पिशवीत आहे,
गुडघ्याचा पट्टा मात्र नाही.
कप्पे उलटेपालटे करते.
बाबा दाराजवळच्या खुर्चीत, टोपीसकट तयार,
बूट कधी घातले कोण जाणे.
विजारीच्या उजव्या पायात
गुडघ्यापाशी जरासा फुगवटा.

मी पिशवी खांद्यावर घेते, काही विचारत नाही.
बाहेर अजून गच्च अंधार,
उतारावरून खाली गेलेली गल्ली दिसत नाही,
दिसतात त्या फक्त
चुना लावलेल्या भिंती.